खासदारसाहेबांबरोबर दारोदार

लंडनच्या दक्षिणेला आम्ही राहतो तिथल्या हाय स्ट्रीटवर निम्म्या पाट्या कोरियन लिपीत आहेत. त्यामुळे शेजारीण कोरियन मिळाली याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या वडिलांचं. ऐंशी ओलांडलेले, सडपातळ, उन्हाळाभर लेकीकडे राहायला आलेले. कचरा न्यायला येणाऱ्या माणसांनाही ते कमरेत वाकून नमस्कार करायचे.

"बाबा पाच वेळा खासदार झाले," शेजारीण म्हणाली, "आणि चार वेळा पडले. गोष्टी मात्र पडलेल्याच जास्त सांगतात."

त्याच उन्हाळ्यात आमची छोटी लायब्ररी बंद करायचं स्थानिक कौन्सिलच्या मनात आलं. नागपूरहून नवी आले तेव्हा नोकरीचे सगळे अर्ज मी तिथल्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसून भरले होते. म्हणून सह्या गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. क्रॉयडनच्या ऑफिसातून परतताना गल्लोगल्ली पत्रकं टाकली. दोन आठवड्यांत सह्या आल्या अकरा, त्यातल्या दोन आमच्याच घरच्या.

कुंपणापलीकडून आजोबांनी लेकीला काहीतरी विचारलं. ती हसू दाबत म्हणाली, "बाबा विचारतायत, किती दारं ठोठावलीस?"

"दारं कशाला? लेटरबॉक्स आहेत की."

ते ऐकून आजोबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग आत जाऊन कोट घालूनच बाहेर आले.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. मी बोलायचं, शेजारणीने दुभाष्याचं काम करायचं आणि आजोबांनी फक्त वाकायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच दाराशी 'विक्रेत्यांना मज्जाव' अशी पाटी. मी मागे फिरले. आजोबांनी बेल वाजवली.

दार उघडलं एका उंच, चिडक्या म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांनी. मी तोंड उघडायच्या आत आजोबा त्यांच्या डेलियाच्या फुलझाडांसमोर गुडघ्यांवर बसले आणि पानाखालची गोगलगाय उचलून त्यांना दाखवू लागले. पुढचा पाऊण तास दोन म्हातारे गोगलगायींवर बोलत होते. एक इंग्रजीत, एक कोरियनमध्ये. शेजारणीने भाषांतर करायचं केव्हाच सोडून दिलं होतं. मी घड्याळ बघत धुसफुसत होते.

"एका दारात एवढा वेळ गेला तर कसं व्हायचं?" बाहेर पडल्यावर मी म्हणाले.

"सही मागितलीस का?" त्यांनी लेकीकरवी विचारलं.

"विसरलेच!"

"उत्तम. तो स्वतः आणून देईल."

दमून आम्ही पार्कातल्या बाकावर बसलो. तिथे त्यांनी मला त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. समुद्रकाठचं गाव, मासळीबाजारातल्या बायका. कॉलेजात असताना मोर्चे काढले म्हणून ते तुरुंगात गेले होते, पण तेवढ्यावर मत द्यायला त्या बायका तयार नव्हत्या. दोनदा पडल्यावर ते रोज सकाळी बाजारात जाऊन नुसत्या टोपल्या उचलू लागले. तिसऱ्यांदा निवडून आले. पुढे पक्षाच्या आदेशावरून त्यांनी तोच बाजार हलवण्याच्या बाजूने मत दिलं.

 शेजारीण भाषांतर करता करता अडखळली. तिने ही गोष्ट आधी ऐकली नसावी, असं मला वाटलं.

"पुढच्या निवडणुकीत मी आपटलो. आपटायलाच हवा होतो," ते म्हणाले. "माफी मागायला गेलो तर सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, आधी बस, गरम सूप खा, मग शिव्या देते. आणि दिल्या! पोटभर! त्यानंतर मी पक्षाला विचारून मत दिलं नाही. आधी बाजारात जायचो."

"म्हणून परत निवडून आलात?"

"लगेच नाही. त्या बायकांची स्मरणशक्ती फार चांगली."

सोमवारी बेल वाजली. दाराशी डेलियावाले गृहस्थ, हातात माझं पत्रक. त्यांच्या बोलिंग क्लबातल्या झाडून सगळ्यांच्या सह्या घेऊन आले होते. त्यानंतर मी एकटीने दारं ठोठावायला शिकले. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची हरवलेली मांजर, सगळं ऐकून घेतलं. सह्यांचे कागद फाइलीत मावेनासे झाले.

कौन्सिलच्या सभेत मला तीन मिनिटं मिळाली.  मी त्या खिडकीजवळच्या टेबलाबद्दल बोलले, एवढंच. लायब्ररी पूर्ण आठवडा नाही, पण तीन दिवस उघडी राहील असं ठरलं. मी हिरमुसले, तर आजोबांनी सभागृहातच दोन्ही हात वर करून जयघोष केला. अध्यक्षबाईंनी त्यांना शांत राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी बाईंनाही वाकून नमस्कार केला.

ते कोरियाला परतल्यानंतर वसंतात आमच्या रहिवासी संघाची निवडणूक आली आणि डेलियावाल्यांनी माझं नाव सुचवलं. निकाल लागताच मी शेजारणीच्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा, मी निवडून आले!"

ते आनंदाने ओरडले. मग पुढे सरकून त्यांनी विचारलं, "समोर कोण होतं?"

"कुणीच नाही. बिनविरोध."

त्यांचा चेहरा पडला. "अरेरे," लेकीने भाषांतर केलं, "बाबा म्हणतायत, मग काय मजा आली? पुढच्या वेळी कुणालातरी उभं कर. हवं तर ते स्वतः येतील."