बांधावरचं गवत

बांध आमचा होता आणि बांधावरचं गवतही आमचंच होतं. हे आधीच सांगून टाकते. मागच्या हिवाळ्यात कांद्याच्या लागवडीत जो तमाशा झाला, त्यात चूक कुणाची, असं अजूनही बायका मला विचारतात आणि मी हेच उत्तर देते. आवाज चढवूनच देते. आवाज उतरवला तर पुढचंही सांगावं लागेल.

आमचं गाव संगमनेरपासून जीपने पाऊण तासावर. पाटाच्या पाण्यावर चार एकर जमीन, त्यातला निम्म्याहून जास्त कांदा. आमच्याकडे एक रीत आहे. जिच्याकडे शेळ्या आहेत पण जमीन नाही, अशा बाईला एखादा शेतकरी आपल्या बांधावरचं गवत कापू देतो. पैसे घेत नाही. त्या बदल्यात ती बाई लागवडीला, खुरपणीला, काढणीला सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे येते, सोबत आठ-दहा बायांची टोळी आणते आणि चालू रोजापेक्षा थोडं कमी हातावर ठेवलं तरी तोंड उघडत नाही. यातलं कुणीच कधी बोलून दाखवत नाही. बोललं तर तो सौदा होईल, आणि आम्हाला तर ते उपकार वाटायचे.

आमच्या बांधावर गवत कापायची ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची बाई. माझ्याच वयाची, पन्नाशीची. नवरा वारलेला, मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आणि तिकडेच बिऱ्हाड करून राहिलेला. घरात ती आणि तीन शेळ्या. सात-आठ वर्षं तिची टोळी आमच्या शेतात पहिली यायची. हाताला तिच्यासारखी बाई नाही, हे मी तिच्यावर चिडलेली असतानाही सांगेन. ओल्या वाफ्यात उकिडवं बसून मागे मागे सरकत ती रोप लावायची तेव्हा ओळ दोरी धरल्यासारखी सरळ यायची.

मग ओळी वाकड्या यायला लागल्या. एका लागवडीला मी सगळ्या बायांसमोर तिला झापलं. म्हटलं, "हात चालवतीस का झोपा काढतीस? रोज घेताना बरं नीट दिसतं!" ती खाली मान घालून रोपं लावत राहिली. दुपारी भाकरी खाताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, नीट दिसतच न्हाई. डावा तर गेल्यातच जमा हाय. उजव्यातबी मोतीबिंदू पिकलाय म्हनं. तालुक्याला फुकट आपरेशन करत्यात. पर डाक्टर म्हनतो, म्हैनाभर वाकायचं न्हाई, मातीपान्यात जायचं न्हाई."

मी म्हणाले, "मग कर की. लागवड झाल्यावर कर."

लागवडीनंतर खुरपणी असते, खुरपणीनंतर काढणी. काढणी झाली की साठवणीच्या चाळीत कांदा भरायचा, तोवर पावसाळी कामं येतात. दर वेळी ती विचारायची आणि मी दर वेळी पुढचं काम दाखवायची. विचारायची तरी कशाला, असं मी नंतर म्हणत असे, मी काय तिला बांधून ठेवलं होतं? तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. महिनाभर ती आली नाही तर टोळी दुसरी बाई धरणार, आणि बांध मी दुसरीला देणार. शिवाय महिनाभर बसायचं तर चुलीवर काय ठेवायचं? ऑपरेशन फुकट होतं. महिनाभर बसून खाणं फुकट नव्हतं. तिचा एकच डोळा उरला होता आणि तो माझ्या कांद्याच्या मागे रांगेत उभा होता.

अशात सरकारने बायांना महिन्याला दीड हजार द्यायला सुरुवात केली. आमच्या मालकांचं डोकं फिरलं. पारावर बसून रोज तेच. सरकारने बाया आळशी केल्या, फुकटचं खायची सवय लावली, आता शेतात कुत्रं येणार नाही. मीही घरोघरी हेच बोलत होते. "बसून खायची सोय झाली बायांची," असं मी इतक्या वेळा बोलले की शेजारीण मला पाहूनच ते वाक्य म्हणायला लागली.

आणि मीही अर्ज भरला होता.

भरला, त्यात काय. आमचं रेशनकार्ड केशरी आहे, अर्ज बसत होता. कांद्याचे पैसे मालकांच्या खात्यावर येतात, दुधाचे पैसेही मालकांच्याच. माहेरी जायचं तर जीपचं भाडं मी हात पसरून मागते, आणि नातवाला खाऊ घ्यायचा तरी किती लागले याचा जबाब द्यावा लागतो. तीस वर्षं पहाटे उठून मी गाई पिळते. एक रुपया माझा म्हणावा असा नव्हता. पण मालक पारावर एवढं बोलून बसलेले, तेव्हा गावात अर्ज भरायची सोय नव्हती. दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि संगमनेरला गेले. तिथे रांगेत माझ्या पुढे कोण उभं? हीच.

गावातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता म्हणून तिला तालुक्याला पाठवलं होतं. खुरपून, रोपं दाबून तिच्या बोटांच्या रेघाच गेल्या होत्या. बोटं ओल्या फडक्याने पुसत ती पुन्हा पुन्हा मशीनवर टेकवत होती. त्या रेघा कुणाच्या शेतात गेल्या, हे मला कुणी सांगायला नको होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. इथे कशाला तडमडली, असं वाटलं. तिने मागे वळून पाहिलं, मला ओळखलं आणि म्हणाली, "भिऊ नका वहिनी. मी कुनाला बोलायची न्हाई."

मी भीत नव्हते. म्हणजे, तिच्यासमोर तरी तसं दाखवत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात रोप तयार झालं, पाटाला आवर्तन सुटलं. आमच्या वाट्याला पाणी चार दिवस. या चार दिवसांत लागवड उरकली तर उरकली, नाहीतर रोप वयात जातं आणि कांदा डेंगळे धरतो, म्हणजे पोसायचं सोडून फुलाचे दांडे काढतो. मी रीतीप्रमाणे वस्तीवर निरोप धाडला. उलट निरोप आला की टोळी आधी दुसऱ्या शेतात जाणार, तिथे पूर्ण रोज मिळतोय, आणि बाई स्वतः यंदा लागवडीला यायची नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मालकांनी मोटारसायकल काढली आणि मी मागे बसले. वस्तीवर पोचलो तर ती दारात खाटेवर बसलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. अंगावर धुतलेलं लुगडं, हात मांडीवर. मी तिला कामाच्या दिवशी रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या.

मालकांनी पारावरचं भाषण तिथे सुरू केलं. "सरकारनं फुकट खायची सवय लावली तुमाला. घरात बसून खाता, शेतकरी मरना का!"

ती म्हणाली, "व्हय दादा, बसूनच खाते. डाक्टर म्हनला, म्हैनाभर बसूनच खा."

"आपरेशन केलंस?" मी विचारलं.

"केलं. पंधरा दिस झालं. आपरेशन तर पैल्यापासून फुकटच हुतं, वहिनी. बसून खायला न्हवतं. त्ये पैसं म्हैन्याच्या म्हैन्याला साठवलं, म्हैनाभराची ज्वारी-डाळ भरली, मग दवाखान्याच्या गाडीत बसले."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मालक शेजारी उभे होते आणि ती बाई माझं गुपित जाणून होती. मला वाटलं, आता ही बोलणार. आता बोलणार, की तुमच्या बायकोलाही तेच पैसे येतात, विचारा तिला. त्या धास्तीने मी मालकांपेक्षा मोठ्याने ओरडले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी बाई गावात कोण, असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर वस्तीवरच्या कुत्र्यानेही माझ्याकडे पाहिलं असतं. मी म्हणाले, "माजलीस तू! फुकटच्या पैशावर माजलीस. सात-आठ वरसं आमचा बांध खाल्लास. उद्यापासनं आमच्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई. एका काडीला हात लावायचा न्हाई!"

तिने चष्मा काढला नाही. नुसतं तोंड माझ्याकडे वळवलं.

"दोन म्हैनं झालं मी तुमच्या बांधाला आलेच न्हाई, वहिनी. एक शेळी इकली, दोघींपुरता चारा इकत घेते. तुमचं ध्यान न्हाई का?"

नव्हतं. दोन महिने ती आली नव्हती आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पैशाचं मात्र ती बोलली नाही. मालक पायाने गाडी सुरू करेपर्यंत मी वाट पाहिली, पण तिने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. तिने बोलून टाकलं असतं तर मला तिचा द्वेष तरी मनापासून करता आला असता.

लागवड मी केली. शेजारच्या गावाहून एक अर्धी टोळी मिळाली, तीही चालू रोजापेक्षा जास्त देऊन. उरलेल्या वाफ्यांत मी स्वतः बसले. तीस वर्षं बांधावर उभं राहून हुकूम सोडलेली बाई पहिल्या दिवशी दुपारी उठायला गेली तेव्हा कंबर सरळच होईना. गुडघ्यापर्यंत गारठा, बोटं सुजलेली, आणि रोप कुठे टेकवलं ते दिसेना. कारण जवळचं मलाही नीट दिसत नाही, दोन वर्षं झाली. सुईत दोरा सुनेकडून ओवून घेते. मालकांना सांगितलं होतं, तर ते म्हणाले होते, "काय घाई हाय? काढणी झाल्यावर बघू." त्या चिखलात बसल्यावर मला त्या वाक्याची चव कळली. मालकांचा राग आला, माझा आला, आणि ते वाक्य तोंडावर न फेकता इतकी वर्षं ऐकून घेणाऱ्या त्या बाईचाही आला.

बांध मी कुणाला दिला नाही. हट्टाने नाही दिला. आणखी दोन महिन्यांत गवत कमरेएवढं झालं, त्याचं बी वाफ्यांत पडलं आणि खुरपणीला दुप्पट बाया लागल्या. एवढी वर्षं मी समजत होते, आम्ही तिला गवत देतो. ती आमचा बांध फुकट साफ ठेवत होती, आणि वरून त्याबद्दल कमी रोजही घेत होती. फुकटचं खाणारं घर आमचंच होतं. हे मी मालकांना सांगितलं नाही. ते पारावर अजून तेच भाषण देतात.

काढणीला ती आली. रोज आधी ठरवून, तोही पूर्ण, आणि उन्हाच्या आत सुट्टी असं बोलून आली. माझा नाइलाज होता. चष्मा गेला होता. उजवा डोळा लख्ख उघडा, आणि तो सगळीकडे फिरत होता. कांदे उपटता उपटता ती एका वाफ्याशी थांबली.

"ही वळ कुनी लावली, वहिनी? पार बांधाकडं पळालीय."

मालक पलीकडेच गोण्या मोजत होते. मी म्हणाले, "नव्या टोळीतल्या एका बाईनं."

तिने एक कांदा उपटला, माती झटकली, ओळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्या हातातल्या विळ्याकडेही पाहिलं. पात कापताना तो मी डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता.

"त्या बाईला म्हनावं, डोळं दावून घे," ती म्हणाली. "आन् पैसं न्हाईत म्हनली तर ऐकू नका. पैसं असत्यात बायांकडं."

मालक खो खो हसले. त्यांना वाटलं, ती त्यांच्याच भाषणाची री ओढतेय.

आता आम्ही गोडीगुलाबीने राहतो, असं काही नाही. ती बाई मला आवडत नाही. जिने आपलं झाकून ठेवलं तिच्यासमोर मान वर करून चालता येत नाही, आणि मला मान वर करून चालायची सवय आहे. माझे पैसे आले तेव्हापासून खात्यात तसेच पडून होते. खर्च केले तर कुठून आणले ते सांगावं लागेल, म्हणून मी त्यांना हात लावला नव्हता. तिच्या घरात तिला विचारणारं कुणी नाही. माझ्या घरात विचारण्याखेरीज काही होत नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढणी अर्धी पडलेली होती, टोळी वाफ्यात उतरत होती. मी चप्पल घातली, पासबुक पिशवीत टाकलं आणि रस्त्यावर येऊन जीपला हात केला. मालक शेतातून ओरडले, "कुठं निघालीस?"

"डोळे दाखवायला."

"पैसे कुठनं आनलेस?"

"माझे हायत," मी म्हणाले. "सरकारनं दिल्यात."

टोळीतली सगळी डोकी वर झाली. एक मात्र खाली वाकून कांदे उपटत राहिली.

"अगं, काढणी झाल्यावर जा की!" मालक ओरडले.

मी तोवर जीपमध्ये चढून बसले होते.