पहिला शब्द

"छातीत कळ आली तरी मामाजींची क्रेनवरची शिस्त सुटली नाही. बटण दाबून क्षणभर थांबले, मग बोलले, म्हणून वाचले." माझे जावई वैशाली नगरातल्या प्रत्येक बैठकीत हे सांगतात आणि लोक माझ्याकडे कौतुकाने पाहतात. हे कौतुक मला मान्य नाही. ज्या हुशारीचे श्रेय मला दिले जाते, ती त्या दुपारी माझ्याजवळ नव्हती.

पोलाद कारखान्यात मी आयुष्यभर वॉकीटॉकीवरून क्रेनचालकाला इशारे दिले. निवृत्तीनंतर, चैत्र नवरात्रात डोंगरगडच्या पहाडावरच्या माय बम्लाई देवीकडे पायी जाणाऱ्यांसाठी आमचे मंडळ रस्त्यालगत पाण्याचे मंडप उभारू लागले, तेव्हा त्यांना जोडणारे स्वस्त वॉकीटॉकी मीच निवडले. मी भाविक म्हणून नव्हे, व्यवस्था पाहायला जात असे. त्या संचांना एक खोड होती: बटण दाबताच बोलले, तर पहिला शब्द कापला जाई. मी सर्वांना शिकवले, दाबा, थांबा, मग बोला. सर्व शिकले, माझी पत्नी शिकली नाही. ती दाबताक्षणी "माय" म्हणे आणि मग कामाचे सांगे. मला केवळ काम ऐकू येई.

"तुले किती डाव सांगू, थांबत जा म्हणून?" एकदा मी सर्वांदेखत ओरडलो.

"तुमचं यंत्र पयला घास खातेच नं? मंग तो मायच्या नावानं जाऊ द्या. तुमचं काम तुमाले पोचून राहिलं, मंग कावून तणतणता?"

सारा मंडप हसला. हरलेला वाद मी विसरत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा संच मी कोणाला दिला नाही; स्वतःच बाळगू लागलो. तो खरखरला की कानाशी नेई. वाटे, आता तो कापलेला क्षण जाईल आणि मागून तिचा आवाज येईल: बुंदी संपली, पाठवा. लोक पहाड चढून दर्शन मागत. मला तिची एक चुकीची हाक हवी होती.

यंदा अष्टमीच्या भर दुपारी मंडपाचे पाणी थांबले. शेतातला बोअर पाहायला मी एकटाच कालव्याच्या काठाने निघालो. पुलियाशी, म्हणजे कालव्यावरच्या लहानशा पुलाशी, पोचलो आणि छातीत अशी कळ उठली की मी पुलाखालच्या सावलीत कोसळलो. रस्त्यावरून मी दिसणे शक्य नव्हते. हातात संच होता. जावईबापू म्हणतात, मी थांबलो. थांबायला श्वास लागतो. तो माझ्यापाशी दोन शब्दांपुरता होता. बटण दाबले आणि दाबताक्षणीच, अगदी तिच्या रीतीने, तोंडून निघाले, "माय, पुलिया." बोट घसरले. पहिला शब्द मी ठरवून उच्चारला नव्हता. जन्मभर ज्याला वायफळ म्हटले, तोच आधी आला.

मंडपात दुसरा संच टेबलावर पडून होता. सांभाळणारे वाढायला गेले होते. टेबलाजवळ, हथखोजच्या कारखान्यात काम करणारी आणि पायी दर्शनाला निघालेली एक अनोळखी बाई तळव्यांच्या फोडांना पट्टी बांधून घेत होती. त्या भागात पुलिया एकच. तो विव्हळता आवाज ऐकून ती अर्धवट पट्टीनिशी, तापलेल्या डांबरावरून अनवाणी धावली; तिच्या ओरडण्याने माणसे मागून आली.

डोंगरगडहून परतताना ती प्रसाद घेऊन दवाखान्यात आली. मी तिचे पाय पाहिले आणि हात जोडले. एवढ्या वयात मी प्रथमच वाद न घालता कोणापुढे वाकलो. आता मीही दाबताक्षणी बोलतो. पहिला शब्द आपला नसतोच, हे पत्नी जिवंत असताना मान्य केले असते, तर तिला ते ऐकायला मिळाले असते.

जावईबापूंना मी एवढेच विचारतो: मी थांबलो असतो, तर दोन्ही शब्द पोचले असते की नाही? त्या बाईला मी तीनदा विचारले, नक्की काय ऐकलेस? तिन्ही वेळा उत्तर एकच.

"पुलिया. बस, एवढंच आलं, बाबा. त्याच्या आधी काही बोलले होते काय तुमी?"