गुंजाळच्या ट्यूबा

करवत चालली की भुसा पडतो आणि आम्ही तिघं जमलो की किस्से. झाडून काढले तरी कोपऱ्यात थोडे उरतातच.

तिघं म्हणजे मी, गुंजाळ आणि शेखभाई. नगरच्या एमआयडीसीत एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं, रिटायर झालो आणि सावेडीत हाकेच्या अंतरावर घरं बांधली. तिघांच्याही घरी छोटं वर्कशॉप आहे. माझं सगळ्यात जुनं, म्हणून रविवारचा सकाळचा चहा माझ्याकडे असायचा. ‘असायचा’ म्हणतोय, हे लक्षात ठेवा.

*

आमच्या टूलरूमचा एक नियम होता. जो वस्तू बसवील त्यानं तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. जो दुरुस्त करील त्यानं खाली दोष काय होता ते लिहायचं. म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसायला नको.

रिटायर झालो तरी सवय जाईना. एकदा घरचा मिक्सर दुरुस्त केला आणि बुडाशी लिहिलं, ‘दोष – वापरणारी.’

आमच्या सौभाग्यवती सुमनताईंनी तो मिक्सर धुताना उलटा केला. दोन दिवस मी चहा शेखभाईंकडे पीत होतो.

*

माझं वर्कशॉप म्हणजे पार्किंगमागची पत्र्याची खोली. खिडकी एकच, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे. भर दुपारीही लाईट लागतो. त्यासाठी मी दोन ट्यूबांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. काही वर्षं बऱ्या चालल्या, मग लुकलुकायला लागल्या. बटण दाबायचं आणि चहा उकळेपर्यंत वाट बघायची. तोवर खोलीत गणपतीचा मांडव!

मी ट्यूबा बदलल्या. होल्डर बदलले. व्होल्टेजला शिव्या दिल्या.

शेखभाई बशीत चहा ओतत म्हणाले, “वाघचौरे, एकदा स्टार्टर बघा की.”

आता हे ऐका. ट्यूब लागत नसली की स्टार्टर बघ, हे टूलरूममध्ये अप्रेंटिसला पहिल्या दिवशी सांगतात. मला सांगायचं? मी म्हणालो, “शेखभाई, स्टार्टर ठणठणीत आहेत. पट्ट्याच बोगस आहेत.”

गुंजाळ मान वर करून पट्ट्या न्याहाळत होता. तो कधीच काही बोलत नाही, हाच त्याचा मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या भंगारवाल्याला दिल्या. त्यानं बदल्यात एक निळी बादली दिली. मला वाटलं, मीच त्याला फसवलं.

*

मग नवीन पट्ट्या आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, “काका, ट्यूब कोण नेतं आता? एलईडी न्या.”

एलईडी माझ्या डोळ्यांना टोचते. मी ट्यूबवरच अडून बसलो. त्यानं माळ्यावरून धूळ झटकत दोन पट्ट्या काढल्या. “इलेक्ट्रॉनिक चोक आहे. स्टार्टरची भानगडच नाही.”

हे वाक्य ऐकून मी दुसरं काही विचारलंच नाही. ट्यूबा झटक्यात लागायच्या, हे खरं. पण उजेड असा निळा, की चहासुद्धा औषधासारखा दिसायचा.

त्या उजेडात मी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या मेहुण्यासाठी सागवानी देव्हारा केला आणि पॉलिश मारलं. वर्कशॉपमध्ये रंग अगदी जुन्या सागवानासारखा दिसत होता. एसटीनं अकोल्याला नेला आणि मेहुण्याच्या अंगणात उन्हात ठेवला. लालभडक!

मेहुणा दोनदा देव्हाऱ्याभोवती फिरला. म्हणाला, “दाजी, काम लई भारी हाय. पन ह्यो देव्हारा हाय का भेळंची गाडी?”

*

नगरला परत आलो तर गुंजाळच्या वर्कशॉपमध्ये नवीन ट्यूबा लागलेल्या. दोन पट्ट्या, पांढराशुभ्र रंग मारलेल्या. बटण दाबलं, एकदा डोळा मिचकावला आणि लागल्या. उजेड कसा? पटाशीची धार दिसावी, लाकडाची नस दिसावी, मोजपट्टीवरचा अर्धा मिलिमीटर दिसावा.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू?

“कुठून आणल्यास?” मी विचारलं.

“मिळाल्या.”

“कुठल्या कंपनीच्या?”

“जुन्या आहेत. आता अशा मिळत नाहीत.”

तीन आठवड्यांत माझा एक इलेक्ट्रॉनिक चोक गेला, पाठोपाठ दुसरा. त्या रविवारी शेखभाई अंधारात चाचपडत म्हणाले, “चहा गुंजाळकडेच घेऊ या का? कपात माशी पडली तर कळेल तरी.”

तेव्हापासून चहा तिकडे. खारी तिकडे, गप्पा तिकडे. मी पाहुण्यासारखा स्टुलावर बसायचो आणि छताकडे बघायचो.

हेही सोसलं असतं. पण एका रविवारी सुमन तिचं भरतकाम घेऊन निघाली. “कुठे?” म्हटलं.

“गुंजाळभाऊजींकडे. तिथं सुईत दोरा एका फटक्यात ओवला जातो. तुमच्याकडे आयुष्य चाललंय.”

लग्नानंतर मी या बाईला कारखान्याची टूलरूम दाखवून खूश केलं होतं! त्या दिवशी मी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

मागच्या आठवड्यात गुंजाळ दोन दिवस बहिणीकडे हिवरे बाजारला गेला. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. “झाडांना पाणी घाल रे.”

मी निळी बादली भरून गेलो. झाडांना पाणी घातलं आणि सरळ वर्कशॉपमध्ये शिरलो. कंपनी कोणती, चोक कोणता, सगळं बघून तश्शाच पट्ट्या पुण्याहून का होईना आणायच्या, आणि रविवारचा चहा परत माझ्याकडे. सुमनची सुईसुद्धा. ठरलं होतं.

स्टुलावर गुंजाळनं काहीतरी चिकटवून वाळत ठेवलं होतं. म्हणून बादलीच उपडी घातली, वर चढलो. पट्टीच्या पुढच्या बाजूला कंपनीचं नाव रंगाखाली गेलेलं. साखळीचा हूक काढला आणि पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला रंग लावलेला नव्हता. पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. चष्मा पुसला. वाचायला काहीच त्रास झाला नाही, दुसऱ्या पट्टीचा उजेड छान पडत होता.

वरची ओळ माझ्या अक्षरात होती: ‘वाघचौरे.’

खालची गुंजाळच्या: ‘दोष – स्टार्टर. बाकी पट्टी एक नंबर.’