पत्ता दिला कोणी?

दुपारचे दोन. अमरावतीतलं आमच्या दैनिकाचं ऑफिस, दुसरा मजला. डबे उघडलेले, भिंतीवरचा टीव्ही चालू. त्यावर बातम्या असायला हव्यात, असते मालिका. एका शिक्षिकेच्या मागे जुन्या गावचा माणूस लागलाय. ती गाव सोडून पळालीय, पण मागचं सगळं तिच्यासोबतच आलंय. रोज अर्धा तास.

आमच्या धंद्यात छापून येतं ते दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. छापता येत नाही ते साठत जातं. या मालिकेपायी माझ्याकडे बरंच साठलंय.

*

पहिल्याच दिवशी आमचे फोटोग्राफर बंडूभाऊ निकाल देऊन मोकळे झाले. "पोट्टं चांगलं आहे न ताई! जरासं मांगं मांगं फिरते, बस!"

मी म्हटलं, "तुमच्या पोरीच्या मांगं लावून देऊ का असं एखादं?"

बंडूभाऊंनी रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. जणू आवाज टीव्हीचाच होता!

*

अजय आमचा क्राइम रिपोर्टर. पोरीचा पाठलाग झाला, हात धरला, ॲसिडची धमकी दिली, काहीही असो, त्याचं हेडिंग ठरलेलं: 'एकतर्फी प्रेमातून'.

एकदा मी त्याच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिले. "चोर घरात घुसला की 'एकतर्फी पाहुणचारातून' लिहितो का रे?"

सगळे हसले. अजयने हेडिंग बदललं. सकाळी पेपर उघडला तर, 'प्रेमवेड्याचा प्रताप'!

*

मालिकेतली बाई कुलूप लावते, जिना उतरते, परत वर जाऊन कुलूप ओढून पाहते. आमचे संपादक कुळकर्णी सर वैतागले. "किती ताणतात! असं कोण करतं?"

रेवती खाली मान घालून जेवत राहिली. ही अकोल्याची, वर्षभरापूर्वी आमच्या डेस्कवर आलेली. डबा खायला ती कायम भिंतीला पाठ लावून बसते, दार दिसेल अशी. सरांना ते वर्षभरात दिसलं नाही. टीव्हीवरचं मात्र लगेच खटकलं.

त्याच दिवशी ती जेवता जेवता म्हणाली, "आता तो तिच्या मैत्रिणीले भेटन. गोड बोलन."

दोन मिनिटांनी मैत्रिणीच्या दारात तो हजर!

बंडूभाऊ उडालेच. "तुले कसं मालूम? मोबाइलवर पाह्यला काय पुढचा भाग?"

"नाही भाऊ," ती म्हणाली, "मले हे पाठ आहे."

*

मग तिनं मला सांगितलं. अकोल्यात एक माणूस दोन वर्षं तिच्या मागे होता. बसस्टॉपवर, गल्लीच्या तोंडाशी, भावाच्या लग्नात वाढप्यांमध्येसुद्धा! पोलीस ठाण्यात गेली तर साहेबांनी विचारलं, "तुम्ही कधी हसल्या होत्या का त्याले पाहून?" म्हणून गाव सोडलं. तिचं आम्हा सगळ्यांकडे मागणं एकच: खोली कुठे आहे ते बाहेर कळू द्यायचं नाही. बातमीवर नावसुद्धा नको.

अजय म्हणाला, "बायलाइनसाठी आमी जीव देतो. नको म्हणणारी पह्यलीच पाह्यली!"

मी दिवाळीत तिला इथल्या ठाण्यात घेऊन गेले. माहिती नोंदवून ठेवा, एवढंच सांगायचं होतं. इथले साहेब हसत म्हणाले, "मॅडम, शिरेल कमी पाहत जा."

"तुम्ही पाहता का?"

"आमची मिसेस पाहते."

"मग त्यांना बोलवा खुर्चीवर! त्या तरी लिहून घेतील."

लिहून घेतलं. चहाही पाजला. पुढं काय केलं, ते विचारायला मी चार वेळा गेले. चारही वेळा चहाच मिळाला.

*

आता परवाचं.

रेवतीच्या घरमालकानं रविवारी समोरचं फाटक बंद केलं. अंगणात फरशी बसवायची होती. त्याच संध्याकाळी तिनं आम्हाला चहाला बोलावलं होतं. तिची खोली ठाऊक असलेले ऑफिसात आम्ही चौघंच: सर, बंडूभाऊ, अजय आणि मी. मागच्या बोळातून गेलो, गोठ्याशेजारच्या अरुंद जिन्यानं वर चढलो. बंडूभाऊंचं डोकं पत्र्याला आपटलं. पोहे छान झाले होते. वर्षभरात रेवतीला मी पहिल्यांदाच दाराकडे पाठ करून बसलेलं पाहिलं.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. "ताई, येता का?"

खोलीच्या दाराशी संत्र्यांची पेटी. वर गवत, गवतावर मोगऱ्याचा गजरा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. तिला ते लागत नव्हतं. अकोल्यात बसस्टॉपवर रोज त्याच्या हातात असाच गजरा असायचा.

पेटी आणणारा ऑटोवाला नाक्यावरच सापडला. बिचारा घाबरला. "बाई, मले काय मालूम? स्टँडवर एका माणसानं पेटी देल्ली, भाडं देल्लं. म्हणे समोरचं फाटक बंद आहे. बोळातून जा, गोठ्याजवळचा जिना आहे. अन् डोकं सांभाळ म्हणे, पत्रा लागते."

मी ऑफिसात आले. तिघांनाही समोरासमोर विचारलं.

सर म्हणाले, "माझ्यावर संशय?"

अजय म्हणाला, "मी कायले सांगू?"

बंडूभाऊ कपाळावरच्या टेंगळाला हात लावून बसले.

रेवती खोली सोडून गेली. कुठे, ते या वेळी तिनं मलाही सांगितलेलं नाही.