बावड्याची लाल लोकर
परवा टेबलाचा खण आवरताना लाल लोकरीचा तुकडा हाती लागला आणि नव्वदच्या दशकातलं जळोचीचं माझं ऑफिस, म्हणजे घराची पुढची खोली, डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी घरांचे नकाशे काढायचो. पिंपात उभ्या केलेल्या नकाशांच्या गुंडाळ्यांवर फक्त नंबर, आणि कुठला नंबर कुणाचा ते जाड वहीत, असा माझा साहेबी थाट. एका सकाळी बावड्याचे आबा धापा टाकत आले. "आज इंदापुरात नकाशा न्हाय दिला, तर घराची परवानगी गेली बघा." नेमकी वही गायब. मी पिंप पालथं केलं आणि शाईच्या वासात गुडघ्यांवर रांगू लागलो. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "बावडा न्हवं? मग लाल लोकरीची बघ की." गुंडाळ्या सुटू नयेत म्हणून आई त्यांना लोकर बांधते, असं मी समजत होतो. पण माहेरी मेंढरं ओळखायला रंग लावणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईनं चहा देताना प्रत्येकाला गाव विचारून प्रत्येक गावाला एक रंग दिला होता. लाल गुंडाळ्या तीनच निघाल्या. दुसरीत आबांचं घर होतं. "मग हितं साहेब कोण हाय?" आबांनी विचारलं. "टेबलामागं बसतो, त्यो," आई म्हणाली. वही मी पुन्हा शोधलीच नाही. आता माझे नकाशे कॉम्प्युटरवर असतात, आणि बावड्याचं फोल्डर लाल आहे.