वरचा वारा आणि तुमसरची खोली

ट्रॅव्हल्सच्या खिडकीखाली उभे राहून बाबा म्हणाले होते, "जमलं नाई तं वापस ये. तुही खोली कोनाले देत नाई." तुमसर सोडताना त्या शब्दांचा आधार वाटला. पुण्यात, नारायण पेठेतल्या भाड्याच्या कॉटवर, तेच शब्द टोचू लागले. मला जमणार नाही, असं बाबांनी धरूनच ठेवलं होतं का?

माझं काम म्हणजे विमानांच्याही खूप वरच्या हवेचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवणं. तिथला वारा उन्हाळ्यात पूर्वेकडून वाहतो, हिवाळ्यात पश्चिमेकडून. माझ्या मॉडेलमधला वारा मात्र पालटण्याआधीच इतका वेग घेई की रन, म्हणजे मॉडेलची ती फेरी, मध्येच कोसळे. खऱ्या आकाशात खालच्या वादळांतून उठलेल्या लहरी वर जाऊन फुटतात आणि वाऱ्याला आवरतात. त्या लहरी काही केल्या मला नीट बसवता येईनात. मग आमच्यातले बरेच जण करतात तेच केलं, वाऱ्याला हातानेच एक कृत्रिम ब्रेक लावला. आलेख देखणा आला.

माझ्या गाइड मॅडमनी तो पाहिला. "सुरेख. आपण हवेचा अभ्यास करताय, की तिला शिस्त लावताय?"

पुढच्या आढाव्यापर्यंत ब्रेकशिवाय वारा पालटला नाही, तर फेलोशिप संपणार होती. मी हादरले. लहरींचा भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिला, ब्रेक काढला आणि रन सोडला.

वेग चढत असतानाच बाबांचा फोन आला. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. "तुही खोली त्याले देऊ का? तू येशीन तं नाई देत."

स्क्रीनवर आकडा चढतच होता.

"द्या बाबा," म्हटलं. "वारा पालटला की मीच फोन करते."

फोन ठेवून रडले. आता परतायला जागाच नव्हती.

मॉडेलमधला ऑगस्ट सरला. वारा अडखळला, मंदावला आणि पश्चिमेचा झाला. रन कोसळला नाही. मी बाबांना फोन लावला.

हल्ली तुमसरला गेले की पुढच्या खोलीत गादी घालते. कपडे बॅगेतच राहतात आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्यासारखे गाव सोडून आलेले विचारतात, आता तुझं घर कुठलं? मला पत्ता सांगता येत नाही. पण "कधी येतेस?" असं बाबा आता विचारत नाहीत. दर ऋतू बदलताना त्यांचा फोन येतो.

"बाई, वारा पलटला का तुहा?"