सिस्टरच्या घराची किंमत

सिस्टर वांगी हातात घ्यायच्या, तळहातावर दोनदा झुलवायच्या आणि सांगायच्या, "अर्ध्या किलोले दोन वांगे कमी हायेत. टाक." भाजीवाल्याचा काटा काय म्हणतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात नवखा कोणी असला तर हुज्जत घालायचा, पुन्हा मोजायचा आणि मुकाट्याने दोन वांगी टाकायचा. जुने तर तोंडच उघडत नसत. एकदा तिशीतला, चांगल्या मिशा राखलेला एक कांदेवाला म्हणाला, "सिस्टर, माह्या काट्यावर भरोसा नाही का?" त्याला त्यांनी भर बाजारात ऐकवलं, "काटा कायले दाखवतं मले? तुले पयल्यांदा मीच मोजलं होतं. सत्तावीसशे ग्रॅम. इचार तुह्या मायले." सगळी ओळ हसली. कांदेवालाही हसला आणि बापड्याने वर दोन कांदे जास्तीचे टाकले. ते दोन कांदे सिस्टरनी परत केले, हे सांगायलाच हवं.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अख्ख्या तालुक्यात त्यांना सिस्टरच म्हणायचे. खरं नाव विचारलं तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मी पोस्टात कारकून. बदली होऊन आलो तेव्हा दोन महिन्यांपुरती म्हणून त्यांची पुढची खोली भाड्याने घेतली आणि नऊ वर्षं तिथेच पडून राहिलो. मी साधा कारकून, पण त्या मला पोस्टमास्तर म्हणायच्या, तेही पोस्टात येऊन, मोठ्याने. खरे पोस्टमास्तर तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे जे बघायचे, ते मी अजून विसरलेलो नाही.

चार खोल्यांचं ते घर सिस्टरनी एकटीने बांधलं होतं. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्यावर त्यांचं एकच बोलणं असायचं, "जुळलं नाही, झालं." बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा जामीन राहायला नात्यातला एकही माणूस पुढे आला नाही. त्या वेळी शासनाची एक योजना होती. घराच्या किमतीचा चौथा हिस्सा शासन घालायचं. त्याला हप्ता नव्हता, पण घरात तेवढा हिस्सा शासनाचा. तो मोकळा करायचा झाला तर घेतले तेवढे पैसे परत करून भागत नसे. ज्या दिवशी मोकळा कराल त्या दिवशी घराची जी किंमत, तिचा चौथा भाग भरायचा. "चार खोल्या, त्यातली एक सरकारची," असं सिस्टर म्हणायच्या, आणि सरकारची खोली म्हणजे अर्थातच माझी. छत गळतंय अशी तक्रार केली की उत्तर तयार, "तुही खोली सरकारची हाये. सरकारले अर्ज कर." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वतः शिडी लावून वर चढलेल्या असत, आणि शिडी नीट धरत नाही म्हणून खाली मी बोलणी खात असे.

त्यांचा एक हट्ट होता. कागदावर जे लिहायचं ते खरंच असलं पाहिजे. आधीच्या नोकरीच्या गावी एका साहेबाने त्यांना हळूच सुचवलं होतं, की एकवीसशे ग्रॅमचं बाळ पंचवीसशे लिहिलं तर कोणाचं काय जातं? अहवाल तेवढा चांगला दिसतो. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, लिहिल्यानं पोट्ट्याच्या अंगावर मांस चढते का? खरं लिहिलं तर त्याच्या घरी उद्या कोणी पाह्यले तरी जाईन." साहेबाने त्यांची बदली केली आणि सिस्टरनी पेटी उचलली. ही हकिगत त्या इतक्या खुशीत सांगायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं बदली नाही, बक्षीस मिळालं होतं.

तर सिस्टर निवृत्त झाल्या. हातात एकरकमी पैसे आले की लोक तीर्थाला जातात, पोरांना गाडी घेऊन देतात. सिस्टर दुसऱ्याच दिवशी माझ्या दाराशी उभ्या. "पोस्टमास्तर, सरकारचा हिस्सा मोकळा कराचा हाये. कागद कर."

मी कागद वाचले. कार्यालयाच्या यादीतल्या मूल्यांकनकाराने घर पाहून किंमत लिहायची. त्याचा अहवाल तीन महिने चालतो. तेवढ्यात पैसे भरले तर ठीक, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि इथे माझी अक्कल चालली. किंमत जितकी कमी, तितका भरणा कमी. साधं गणित! मी त्यांना समजावून सांगितलं, की यंदा चुना मारू नका, ओल आलेली भिंत तशीच राहू द्या, घर जरा रडकं दिसू द्या, सगळे असंच करतात. सिस्टर म्हणाल्या, "बरं." इतकी वर्षं त्यांच्या घरात काढूनही मला ते "बरं" ओळखता आलं नाही, याला काय म्हणावं!

पुढचे आठ दिवस त्या घरात जे चाललं ते मुलगी बघायला पाहुणे यायचे असतात तसं. चार खोल्यांना चुना झाला. दारांना तेलपाणी झालं. तुळशीवृंदावन रंगवलं. शेजारून दोन बऱ्या खुर्च्या आणल्या. मूल्यांकनाच्या दिवशी सकाळी अंगणात सडा, त्यावर हातभर रांगोळी, चुलीवर पोह्यांची कढई आणि सिस्टर ठेवणीतलं पातळ नेसून दारात. मी कपाळावर हात मारला. "अहो सिस्टर, घर उजवायचं आहे का तुम्हाला?"

"तसंच समज," त्या म्हणाल्या. "पाव्हणा पयल्यांदा येऊन राह्यला. घर का पारोसं दाखवू?"

आता माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती, परसातली बोअर. बोअरमुळे किंमत बरीच चढते हे मला माहीत होतं. त्या पोहे परतत होत्या तेवढ्यात मी मागे गेलो आणि चुलीसाठी रचून ठेवलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भारे भारे आणून बोअरवर टाकली. अंगावर खाज सुटली, पण समाधान वाटलं. काही तरी वाचवलं!

मूल्यांकनकार म्हणजे यवतमाळचा एक तरुण इंजिनिअर होता. हातात टेप आणि फाईल. सिस्टर त्याच्या पुढे पुढे. "हे चौकट सागवानाची. ठोकून पाहा." तो ठोकायचा. "हा कोपरा पावसाळ्यात गळते. लिहा." तो लिहायचा. चांगलं दाखवताना जो आवाज, तोच गळका कोपरा दाखवताना. मग सगळे परसात आलो. इंजिनिअरने विचारलं, "पाण्याची सोय?" मी कडुलिंबाच्या झाडाकडे बघू लागलो.

"बोअर हाये ना," म्हणत सिस्टर पुढे झाल्या आणि ढिगापाशी थबकल्या. ढिगाकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. "पोस्टमास्तर, हे पऱ्हाटी इथं कोणं टाकली?"

मी बाह्या खाजवल्या.

"उचल."

त्या इंजिनिअरच्या देखत, इस्त्रीच्या सदऱ्यात, मी एकट्याने सगळे भारे उचलले. तो मदतीला वाकला तर सिस्टरनी त्याला थांबवलं, "तुमी नाही साहेब. ज्यानं टाकली तो उचलंन." मग मोटर लावली. पाणी धो धो पडलं. "उन्हाळ्यातबी असंच पाणी असते. लिहा."

इंजिनिअर चांगला होता. त्याने पेन खाली घेतलं. "सिस्टर, या कामात लोक मला धडधाकट घर पडकं म्हणून दाखवतात. तुम्हाला माहीत आहे ना, किंमत वाढली की तुम्हालाच जास्त भरावं लागणार?"

"माहीत हाये," सिस्टर म्हणाल्या. "चला, पोहे थंडे होऊन राह्यले."

अहवाल पोस्टानेच आला, माझ्याच हातात पडला. इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, "बांधकामाचा दर्जा उत्तम. देखभाल उत्तम." त्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग मी किमतीचा आकडा वाचला, आणि त्याचा चौथा भाग दोनदा काढून पाहिला. त्यांनी बाजूला काढलेल्या पैशांपेक्षा तो दीड लाखाने जास्त होता.

माझं डोकं फिरलं. काय वाट्टेल ते बोललो मी. कोणी सांगितलं होतं चुना मारायला, पोहे कशाला केले, सागवान ठोकून दाखवायची हौस, आता तीन महिन्यांत दीड लाख आणणार कुठून? अजूनही त्या इंजिनिअरला फोन करतो, दुसरा अहवाल मागू. सिस्टरनी माझं सगळं बोलणं होऊ दिलं. अंगणात खाट होती, तिच्यावर बसल्या आणि मलाही बसवलं.

"माही माय गेली तवा आमी भाड्याच्या घरात राहत होतो," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून तिले आणलं. घरमालक दारात उभा. म्हणे, मयत आत नेऊ नका, आमच्या घरी लगन हाये. मी त्याच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं, पोस्टमास्तर. तरी नाही म्हणे. रस्त्याच्या कडेले खाट टाकली. घाटंजीहून भाऊ येईपर्यंत चार घंटे माय रस्त्यावर होती. एप्रिलचं ऊन. ट्रक जाये तशी धूळ उडे तिच्या तोंडावर. मी छत्री धरून उभी होती."

मग त्यांनी घराकडे हात केला.

"मले असं घर पाह्यजे जिथं मरायले कोणाले इचारा लागू नये. सख्ख्यायनं एक इट देली नाही तवा सरकारनं चौथा हिस्सा घातला. आता त्याले लबाडीनं कमी देऊन घर सोडवू? मंग थे पुरं माह्यं कसं होईन? मनातल्या मनात तरी कोणाची चोरी राहीनच ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या विकल्या. बरोबर मी होतो. मला वाईट वाटतंय हे दिसलं तशा म्हणाल्या, "नोकरीत पाटल्या घालताच आल्या नाही. बाळाले लागतीन म्हणून डब्यात ठेवा लागे. सवयच नाही मले." हे पुरतं खरं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्या पाटल्या त्यांच्या हातातून एक दिवस उतरल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली खोटी गोष्ट ही एवढीच.

यवतमाळच्या कार्यालयात पैसे भरले. तिथल्या कारकुनाने अहवाल चाळला आणि मान वर केली. "मावशी, या योजनेत आमच्याकडे येणारी सगळी घरं कागदावर पडायला झालेली असतात. तुमचंच उभं दिसलं." सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुन्हा अंगावर पऱ्हाटीची खाज सुटली. पंधरा दिवसांनी हिस्सा मोकळा झाल्याचं पत्र घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. परतीच्या एस.टी.त ते पाकीट त्यांनी पिशवीत ठेवलं नाही. पांढरकवडा येईपर्यंत दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवलं, आणि कंडक्टरला तिकिटाचे पैसेही मलाच द्यायला लावले. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या नोकरीचा आदेश हातात आला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. आणि हे घर माझं नव्हतं, मी तर भाडेकरू!

त्यानंतर दोन वर्षांनी माझी मारेगावला बदली झाली. मधूनमधून फोन व्हायचा. पोस्टात कोणी म्हणालं, की साहेब, तारीख जरा मागची टाका ना, तर माझा हात थांबतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर आजारी पडल्या. यवतमाळला दवाखान्यात हलवलं आणि तिथेच चौथ्या दिवशी गेल्या. त्यांच्या भाचीचा, सुनीताचा, फोन आला. मारेगावहून मी थेट घरी पोचलो, तर गल्ली माणसांनी भरलेली. बाजारातले लोक होते, दवाखान्यातले होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. दुपारी रुग्णवाहिका आली. सुनीता आत बसलेली, रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. ड्रायव्हर उतरला. परगावचा माणूस, रोज हेच काम करणारा. त्याने घराकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घर भाड्याचं हाये का? आत न्यायच्या आधी मालकाले इचारून घ्या. मागून कटकट होते."

मी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि म्हणालो, "आण आत. मालकीणच आली आहे."